अंगठ्याला कुलूप, खात्याला कुंपण

बँक खात्यांतल्या फसवणुकीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली असून नावं गाळली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

माझी आई सत्तरीची आहे. तिच्या खात्यातून एकाच दिवशी दोनदा दहा-दहा हजार रुपये गेले. तिच्याकडे एटीएम कार्ड नाही, फोन साधा बटणांचा. पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं. नोंदीपुढे ‘एईपीएस’ लिहिलंय. शाखेत विचारलं तर म्हणतात, अंगठा तुमच्याच आईचा आहे. आता काय करावं?
– वसमत, जि. हिंगोली

एईपीएस म्हणजे आधारवर पैसे काढायची सोय. बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाच्या यंत्रावर बँकेचं नाव निवडायचं, आधार क्रमांक टाकायचा आणि बोट ठेवायचं, एवढंच. त्याला ना पिन लागतो, ना ओटीपी, ना कार्ड. एका व्यवहारात कमाल दहा हजार निघतात, म्हणून पासबुकात दहा-दहाच्या दोन नोंदी दिसतात.

हे दोन तऱ्हांनी घडतं. पहिली तऱ्हा गावातलीच. ‘सर्व्हर गेलंय, परत अंगठा लावा’ किंवा ‘अनुदानाची केवायसी राहिलीय’ असं सांगून बोट ठेवून घेतात आणि यंत्रावर पान असतं ते पैसे काढायचं. दुसऱ्या तऱ्हेत नोंदणी केलेल्या खरेदीखतासारख्या कागदावरचा ठसा उचलून त्याची सिलिकॉनची नक्कल करतात. हरियाणा आणि तेलंगणात पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. बोट खरंखुरं आहे की नक्कल, हे ओळखणारी तपासणी आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली. त्यामुळे आमचा सल्ला असा, की आधी पहिली शक्यता तपासा. त्या दिवशी आईने कुठे कुठे बोट ठेवलं होतं, ते शांतपणे विचारा. म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत विचारलं तर ते ‘कुठंच नाही’ म्हणून मोकळं होतं.

शाखेचं ‘अंगठा तुमचाच’ हे उत्तर पुरेसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. शाखेला लेखी अर्ज द्या आणि त्यात दोन्ही व्यवहारांचा आरआरएन (व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक, नेमकी वेळ, यंत्राचा टर्मिनल क्रमांक, बँक मित्राचं नाव आणि ठिकाण मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. दुसरीकडे ‘माय आधार’ संकेतस्थळावर आईच्या आधारचा प्रमाणीकरणाचा इतिहास पाहा. मागच्या सहा महिन्यांत बोट कुठल्या संस्थेकडे, कोणत्या तारखेला, किती वाजता तपासलं गेलं, ते तिथे दिसतं. यंत्र परगावचं निघालं आणि आई त्या वेळी घरी होती, तर तुमची बाजू भक्कम होते.

दिवसांचा हिशोब ध्यानात ठेवा. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, पैसे तिसऱ्याच कुणी काढले, अशा प्रकरणात बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर बचत खात्याला दहा हजारांपर्यंत आणि शून्य शिलकीच्या मूलभूत खात्याला पाच हजारांपर्यंत झळ बसते. सातच्या पुढे बँकेच्या धोरणावर जातं. सूचना मिळाली तो दिवस मोजत नाहीत आणि कामकाजाचे दिवस तुमच्या शाखेचे धरतात. आईला मेसेज आलाच नसेल, तर ‘सूचना कधी दिली?’ हा प्रश्न तुम्हीच अर्जात विचारा.

आता पुढची तजवीज. आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा ‘माय आधार’वरून बायोमेट्रिक लॉक करा. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. नसेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो जोडावा लागेल, आणि नंबर घरातल्याच माणसाचा द्या, सेवा केंद्रवाल्याचा देऊ नका. लॉक केल्यावर बोट, डोळा, चेहरा तिन्ही बंद होतात. इथेच लोकांची अडचण होते. महिन्याचं रेशन आणायला गेलं की अंगठा लागत नाही, मग वैतागून लॉक कायमचं काढून टाकतात. तसं करू नका. दुकानात नंबर लागला की ‘तात्पुरतं उघडा’ हा पर्याय वापरा, दहा मिनिटांनी ते आपोआप परत बंद होतं. याशिवाय अनुदान आणि पीएम किसानचं खातं वेगळं ठेवा, आणि पैसे आले की त्यातले बरेचसे आधार न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात किंवा मुदत ठेवीत वळवा. व्यवहार फसला असं यंत्र दाखवतं आणि खात्यातून मात्र रक्कम वजा होते, तेव्हा छापील पावती मागायचीच. असे पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते.

ओळखीच्या माणसाच्या व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका आली. उघडली तर काहीच दिसलं नाही. तासाभराने खात्यातून पैसे जायला लागले. फोन तर माझ्याच हातात होता, ओटीपी कुणाला सांगितला नाही.
– अंबाजोगाई, जि. बीड

ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. कधी ‘आरटीओ चलन’, कधी ‘पीएम किसान यादी’ अशा नावानेही ती फिरते. ज्याच्याकडून आली त्याचंही व्हॉट्सॲप तसंच गेलेलं असतं, त्याला यातलं काही माहीत नसतं. फाइल बसताना मेसेज वाचायची परवानगी मागते. आपण घाईत ‘हो, हो’ दाबत जातो, आणि मग येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे पोहोचतो.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. ओटीपी आता त्या फोनवर येतील. तिथूनच १९३० ला फोन लावा. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. बोलताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) क्रमांक हाताशी हवा. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत निरोप जातो आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवली जाते. चोर ती पुढच्या चार खात्यांत फिरवायला मिनिटंच घेतो, म्हणून आधी ‘घरच्यांना विचारतो’, मग ‘शाखेत जाऊन येतो’ यात वेळ घालवू नका. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि चोवीस तासांच्या आत सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तपशीलवार तक्रार पूर्ण भरा. ती अर्धवट राहिली की पुढे पाठपुरावा अडतो.

१९३० ला सांगितलं म्हणजे बँकेला कळवलं असं धरू नका. बँकेच्या टोल फ्री क्रमांकावर नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगून तिथलाही तक्रार क्रमांक घ्या. एकदा कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं, ग्राहकाचं नाही. त्यामुळे कळवल्याची वेळ तुमच्याकडे नोंदलेली असणं फार मोलाचं.

फोन साफ करताना ॲपचं चित्र पडद्यावर सापडणार नाही, ते स्वतःला लपवतं. सेटिंगमधल्या ॲपच्या संपूर्ण यादीत बघा. काढायचं बटण फिकं दिसलं तर आधी ‘डिव्हाइस ॲडमिन’ यादीतून त्याची खूण काढा. आमचं मत विचाराल तर फोटो वेगळे काढून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे त्यातलं सगळं पुसलं जाईल. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. व्हॉट्सॲपमधली ‘जोडलेली उपकरणं’ही तपासा, नाहीतर तुमच्या नावाने तीच पत्रिका उद्या सोयऱ्यांना जाईल.

माझं सुट्या भागांचं दुकान आहे. परराज्यातल्या एका गिऱ्हाईकाने यूपीआयने ४८,००० रुपये दिले, मी माल पाठवला. महिन्याभराने माझं पूर्ण करंट खातं गोठवलं. पगार, हप्ता, जीएसटी सगळं अडकलंय.
– जालना

त्या गिऱ्हाईकाने दिलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले होते. पैशाचा माग काढत पोलीस तुमच्यापर्यंत आले. तुमच्यावर आरोप आहेच असं नाही, पण खातं मोकळं करायला पुढाकार तुम्हालाच घ्यावा लागेल.

शाखेकडून चार गोष्टी लेखी घ्या: पोर्टलवरच्या तक्रारीचा क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल, आणि वादातली नेमकी रक्कम. चौथी सगळ्यात महत्त्वाची. पुष्कळदा वाद ४८,००० चा असतो आणि शाखा खबरदारी म्हणून सगळं खातं बंद करून बसते. तपास अधिकाऱ्याला ईमेल करा आणि सोबत बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, गिऱ्हाईकाशी झालेलं बोलणं आणि तीन महिन्यांचं खाते विवरण जोडा. विनंती दोन ओळींची ठेवा: वादातल्या रकमेवरच लिन (म्हणजे तेवढीच रक्कम अडवून) ठेवावा, बाकी खातं चालू करावं. तोच ईमेल शाखा आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. उत्तर आलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकील लागेल. ‘अमुक टक्के द्या, दोन दिवसांत खातं सोडवतो’ म्हणणारे फोन या काळात हमखास येतात. ती दुसरी फसवणूक.

पुढे उधारी-वसुलीसाठी एक खातं आणि पगार-हप्त्यासाठी दुसरं, तेही शक्यतो वेगळ्या बँकेत ठेवा. रोज संध्याकाळी गल्ला मोजतो तसा पहिल्यातला पैसा दुसऱ्यात वळवा. बिल ज्याच्या नावाचं, पैसे त्याच्याच खात्यातून घ्या, ‘मित्राच्या नंबरवरून टाकतो’ ऐकू नका. कुणी ‘चुकून आले, या दुसऱ्या नंबरवर परत करा’ म्हटलं तर हात लावू नका. रक्कम आली तशीच, आली त्याच खात्यात, बँकेमार्फत जाऊ द्या.

आमचं छोटं मशिनिंग युनिट आहे. नेहमीच्या पुरवठादाराचा ईमेल आला की बँक बदलली, नव्या खात्यात पैसे भरा. साडेसहा लाख आरटीजीएस केले. नंतर कळलं की ईमेल त्यांचा नव्हताच. नाव तर बरोबर टाकलं होतं, बँकेने थांबवलं का नाही?
– वाळूज, छत्रपती संभाजीनगर

कारण आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये रक्कम फक्त खाते क्रमांक पाहून जमा होते. तुम्ही नावाच्या रकान्यात काय लिहिलं ते जुळवून पाहिलं जात नाही. ही फट बुजवायला रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून बँकांना नाव पडताळणीची सोय द्यायला लावली. खाते क्रमांक आणि आयएफएससी (शाखेचा कोड) टाकला की खातेदाराचं बँकेतलं नाव समोर येतं, त्याला पैसे पडत नाहीत. नवा लाभार्थी जोडताना हे नाव वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा दंडक अकाउंटंटला घालून द्या.

कडू गोष्ट अशी, की वर पहिल्या उत्तरात सांगितलेलं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ‘अनधिकृत’ व्यवहारांसाठी आहे. इथे व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला, त्यामुळे शून्य नुकसानीचा हक्क सांगता येत नाही. हातात उरतो तो वेग: १९३०, स्वतःची बँक, आणि ज्या बँकेत पैसे गेले तिचा तक्रार कक्ष, तिन्हीकडे एकाच वेळी.

असा ईमेल इतका खरा कसा वाटतो? बहुतेक वेळा चोर आठवडेच्या आठवडे तुमच्या किंवा पुरवठादाराच्या मेलबॉक्समध्ये बसून असतो. बिल केव्हा निघतं, ‘साहेब’ म्हणतात की ‘सर’, सगळं तो वाचतो आणि पैसे भरायच्या आदल्या दिवशी उगवतो. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ पाहा. तुमच्या मेलची प्रत अनोळखी पत्त्यावर जाण्याचा नियम तिथे सापडला तर चोर तुमच्याच घरात होता. मग पासवर्ड बदलून दुहेरी पडताळणी चालू करा. तिथे काही सापडलं नाही तर पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. इंग्रजीतलं आर आणि एन शेजारी लिहिले की एमसारखं दिसतं, आणि मोबाइलच्या पडद्यावर ते डोळ्याला कळत नाही.

खातं बदलल्याचा निरोप आला की जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारायचं, त्या ईमेलमधल्या नंबरवर नाही. नव्या खात्यात आधी एक रुपया टाकून तो पोहोचल्याची तोंडी खात्री घ्या. नेट बँकिंगला ‘मेकर-चेकर’ लावा, म्हणजे नोंद अकाउंटंट करेल आणि मंजुरी मालक आपल्या फोनवरून देईल. कितीतरी युनिटांमध्ये दोन्ही पासवर्ड एकाच टेबलाच्या काचेखाली असतात, मग त्या व्यवस्थेला अर्थ राहत नाही. काम सोडून गेलेल्या माणसाचा नंबर खात्याला तसाच आहे का, हेही आजच बघा.

मुलगा शिकायला लातूरला आहे. मित्राच्या सांगण्यावरून त्याने खातं उघडून पासबुक, एटीएम आणि सिम एकाला दिलं. महिन्याला पाच हजार मिळतात म्हणतो. यात काही धोका आहे का?
– अहमदपूर, जि. लातूर

आहे, आणि मोठा आहे. चोरीचा पैसा फिरवायला अशीच खाती भाड्याने घेतात. कागदोपत्री पैसे तुमच्या मुलाने घेतले असं दिसतं आणि परराज्यातले पोलीस थेट त्याचा पत्ता शोधत येतात. ‘मला माहीत नव्हतं’ हे दर महिन्याला पाच हजार घेणाऱ्याकडून कुणी ऐकत नाही. आजच शाखेत जाऊन लेखी अर्जाने खातं आणि एटीएम बंद करायला सांगा, सिम बंद करा. खात्यात जे पडून आहे ते काढू नका, खर्चू नका. मित्राबरोबरचं चॅट आणि पैसे मिळाल्याच्या नोंदी जशाच्या तशा ठेवून, नोटीस यायची वाट न पाहता वकिलाला सोबत घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात स्वतः जा.

कर्जासाठी गेलो तर कळलं की माझ्या पॅनवर आधीच एक कर्ज थकीत आहे. मी ते घेतलेलंच नाही.
– तुळजापूर, जि. धाराशिव

कुणाच्या नावावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण प्रत्येकीत सगळी कर्जं असतीलच असं नाही. ज्या अहवालात नोंद आहे तिथे ऑनलाइन हरकत घ्या आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे कर्जाचा अर्ज, फोटो, पैसे जमा झालेलं खातं आणि त्या वेळचा मोबाइल नंबर लेखी मागा. हरकत तीस दिवसांत निकाली निघायला हवी, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. पोलीस तक्रारीची प्रत जोडली की कंपनी अर्ज बाजूला टाकत नाही.

एवढ्यावर थांबू नका. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधता येतं; तुमच्या नावाने कुठे फर्म उघडली असेल तर दिसते. मजुरांच्या आणि शेतकऱ्यांच्या पॅनवर बोगस फर्मा काढून लाखोंची बिलं फाडली जातात, आणि नोटीस शेवटी गावच्या पत्त्यावर येते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावरचे मोबाइल नंबर पाहा, अनोळखी नंबर तिथूनच ‘माझा नाही’ म्हणून कळवता येतो. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं, मजकुरावरूनच, कोणासाठी, कशासाठी आणि तारीख लिहा. आधारची प्रत शक्यतो झाकलेल्या आकड्यांची द्या, तीत शेवटचे चारच आकडे दिसतात.

कोरे सही केलेले चेक खताच्या दुकानात द्यावे लागतात. आणि बँकेचा फोन खरा की खोटा, कसं ओळखायचं?
– मानवत, जि. परभणी

कोरा चेक टाळता येत नसेल तर निदान नाव आणि ‘अकाउंट पेयी’च्या दोन रेघा स्वतः घाला, चेकचा क्रमांक लिहून ठेवा आणि हिशोब मिटला की त्याच दिवशी चेक परत घ्या. मिळाला नाही तर ‘स्टॉप पेमेंट’ द्या. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकना ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. चेक दिल्यावर तारीख, नाव, रक्कम बँकेला कळवायची, मग खाडाखोड केलेला किंवा नकली चेक वटताना जुळत नाही. काही बँका मोठ्या रकमेचा चेक न कळवल्यास परतच पाठवतात, तेव्हा समोरच्याला चेक देण्याआधी आपल्या शाखेची मर्यादा विचारून घ्या.

फोनचं म्हणाल तर बँकांनी व्यवहाराबाबतचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायचे, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. दहा आकडी मोबाइलवरून ‘हेड ऑफिस’ बोलत असेल तर फोन ठेवा. बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो. तक्रार करूनही बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. अर्जासोबत बँकेला दिलेल्या तक्रारीची शिक्क्याची प्रत लागेल.